विषय: आईच्या दाढेला सूज आलीय, सांगलीत आत्ता रात्र आहे

प्रेषक: अनिकेत
शनिवार, संध्याकाळी ५.१०

नमस्कार मंडळी,

खासगी प्रश्न आहे, पण इथे ब्रिटनमधल्या आपल्या मंडळात दातांचे डॉक्टर कोण आहेत ते नक्की माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच पाठवतोय. आई सांगलीला गावभागात एकटी असते. वय ७१, साखरेच्या गोळ्या चालू. गेल्या आठवड्यात खालची डावी दाढ ठणकत होती. तिनं औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, वर दाढेखाली मिशरी धरत राहिली. परवा म्हणाली, "आता दुखायचं थांबलं." आज व्हिडिओ कॉलवर बघितलं तर डावा गाल आणि हनुवटीखालचा भाग सुजलाय. ती म्हणते, "काही नाही रे, सोमवारी जाईन दाखवायला." तिकडे पावणेअकरा वाजत आलेत. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

प्रेषक: सुनंदा
शनिवार, संध्याकाळी ५.२२

अनिकेत, मी दंतवैद्य आहे. सांगलीतच दवाखाना आहे, सध्या लेकीकडे आलेय.

आईला लगेच परत फोन लाव. शेजारचं कुणी असेल तर त्यांना घरी बोलाव आणि फोन त्यांच्या हातात दे. "दुखतंय का" असं विचारूच नकोस, त्या "नाही" म्हणणार. काय जमतंय ते करून दाखवायला सांग. दोन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये जातात का? घोटभर पाणी गिळता येतं, की लाळसुद्धा बाहेर येतेय? जीभ वर उचलली गेलीय का, तिच्याखालचा भाग फुगलाय का? आवाज नेहमीचा आहे, की तोंडात घास धरून बोलल्यासारखा येतोय? आडवं झालं की गुदमरतं का? ताप आहे का? हनुवटीखाली हलकं दाबून सूज मऊ लागते की कडक, तेही शेजाऱ्यांना बघू दे.

यातलं एक जरी उत्तर वाईट आलं तर सोमवारची वाट बघायची नाही. उद्या सकाळचीसुद्धा नाही. मी मेल उघडून बसलेय.

प्रेषक: अनिकेत
शनिवार, संध्याकाळी ५.४१

शेजारचे काका-काकू आलेत. तोंड जेमतेम एका बोटाएवढं उघडतंय. पाणी गिळताना त्रास होतोय, दोनदा ठसका लागला. हनुवटीखाली कडक लागतंय. ताप १०१. जिभेखालचं काकूंना नीट दिसत नाही. आई म्हणते, उगाच रात्री कुणाला त्रास नको.

प्रेषक: सुनंदा
शनिवार, संध्याकाळी ५.४५

आत्ता निघायचं. काकांकडे गाडी असेल तर गाडीनं, नाहीतर १०८ ला फोन. दातांच्या दवाखान्यात नको, मोठ्या रुग्णालयात न्या, जिथे रात्री भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असतो. मिरज दहा किलोमीटरवर आहे. आधी फोन करून सांगा: दाढेची सूज मानेकडे उतरलीय, तोंड उघडत नाही, मधुमेह आहे. हे तीन शब्द ऐकले की ते तयारीला लागतात.

आईला गाडीत बसवूनच न्या, झोपवू नका. सुजेवर शेक अजिबात नको. तोंडानं काही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. मात्र घाम फुटला, हातपाय थरथरले तर वाटेतच साखर तपासा आणि तसं डॉक्टरांना सांगा. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी.

त्यांना माझा निरोप सांग, की सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी आत्ताच जायला सांगितलंय. मुलाचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकतात, हे मी रोज बघते.

प्रेषक: अनिकेत
रविवार, सकाळी ११.०५

मंडळी, आई ठीक आहे. पोचली तेव्हा साखर ३४० होती. रात्रीच हनुवटीखाली छेद देऊन पू काढला, दाढही काढली, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडायची वेळ आली असती. सुनंदामावशी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी गुरुवारच्या विमानानं निघतोय.

प्रेषक: रोहिणी
रविवार, दुपारी १२.३०

वाचून हात गार पडले. माझ्या सासूबाई इस्लामपूरला असतात, त्याही वर्षानुवर्षं मिशरी लावतात. एका दाढेनं जिवावर बेततं कसं? आणि गोळ्या चालू असताना सूज आलीच कशी? आम्ही तर इथून जाताना कुणासाठी ना कुणासाठी अँटिबायोटिक मागून ठेवतो.

प्रेषक: सुनंदा
रविवार, दुपारी ३.१५

रोहिणी, तुझ्या प्रश्नाला सविस्तरच उत्तर देते.

दात किडत किडत आतल्या नसेपर्यंत पोचला की ठणका सुरू होतो. रात्री आडवं झालं की जास्त, गरम पाणी लागलं की जास्त. मग एक दिवस दुखणं एकदम थांबतं. घरात सगळ्यांना वाटतं, गोळी लागू पडली. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते. दुखणं सांगणारंच उरलं नाही, पण जंतू मुळाच्या टोकातून खाली उतरायला लागलेले असतात. अनिकेतच्या आईंचं "दुखायचं थांबलं" वाचलं तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं होतं.

खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला फार खोल असतात, ज्या स्नायूवर जीभ टेकते त्याच्याही खाली. तिथे पू फुटला तर तो तोंडात येत नाही, हनुवटीखाली आणि मानेत उतरतो. दोन्ही बाजूंना पसरला की जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होत जाते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. मधुमेह असला की हे फार लवकर पसरतं, काही तासांत चित्र बदलतं.

आता गोळ्यांचं. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, म्हणून रक्तातून जाणारं औषधही तिथे पोचत नाही. अँटिबायोटिकनं सूज चार दिवस दबते आणि मूळ कारण तसंच राहतं. पू बाहेर काढणं, आणि दाताचं रूट कॅनाल करणं किंवा दात काढणं, हाच उपाय आहे. औषध सोबतीला, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर. दुकानातून दोन-दोन दिवसांच्या गोळ्या सुट्या घेण्यानं माणसं आजाराच्या पुढच्या टप्प्यावर माझ्याकडे येतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेकदा आठ दिवस आधी अर्ध्या तासाचं काम असतं. इथून औषधं नेऊन वाटू नका, कळकळीनं सांगते.

मिशरीबद्दल. तंबाखूमुळे घडीभर बधिर झाल्यासारखं वाटतं, म्हणून दाढ दुखली की आपल्याकडच्या बायका जास्तच मिशरी धरतात. सातारा-सांगलीत मिशरी लावणाऱ्या बाईला तंबाखूचं व्यसन आहे, असं कुणी मानतच नाही. सासूबाईंना ओरडू नकोस. एवढंच कर, गेल्यावर उजेडात त्यांचं तोंड बघ. गालाच्या आत, हिरडीवर पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर ती दुखत नसली तरी दाखवायची.

कडाक्याची दाढदुखी आहे पण सूज नाही, ताप नाही, तोंड नीट उघडतं, गिळता येतं, तर माणूस रात्रभर तळमळेल, पण सकाळपर्यंत थांबता येतं. पॅरासिटामॉल द्या. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल असतंच, त्यावर पुन्हा क्रोसिन दिली की ते दुप्पट होतं. त्यातच आयबुप्रोफेनही असतं. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेचं तेल लावायचं तर कापसाच्या बोळ्यावर थेंबभर, दाताच्या खड्ड्यातच.

आणखी एक. खालचा जबडा दुखतोय, पण नेमका कुठला दात ते सांगता येत नाही, चाललं की वाढतं, सोबत घाम किंवा छातीत दडपण आहे, तर ते दाताचं समजू नका. हृदयाचंही असू शकतं. तिथे दंतवैद्य शोधत बसायचं नाही, १०८.

प्रेषक: योगेश
रविवार, संध्याकाळी ६.४०

सुनंदाताई, आम्ही नाताळच्या सुट्टीत साताऱ्याला जातोय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ची. भावाची मुलं घरासमोर सीझन बॉलनं खेळतात, मागच्या वर्षी एकाचा पुढचा दात थोडक्यात वाचला. खरंच दात पडला तर काय करायचं?

प्रेषक: सुनंदा
रविवार, रात्री ८.२०

योगेश, आधी बघायचं की पोरगं शुद्धीवर आहे का, उलटी झाली का, गुंगी आहे का. डोक्याला मार असेल तर दात नंतर.

मुलीचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही. वर पक्का दात तयार होत असतो, त्याला इजा होते. रक्त थांबवा आणि दाखवून आणा.

मुलाचे पुढचे दात पक्के असणार. तो दात निघाला तर मिनिटांचा हिशेब असतो. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावायचा नाही. मुळावर नाजूक पेशींचा पातळ थर असतो, तो जिवंत राहिला तरच दात पुन्हा हाडाशी जुळतो. माती लागली असेल तर दूध किंवा गार पाणी हलकेच वरून ओता, काही सेकंदच. घासायचं नाही, साबण नाही, हळद तर नाहीच. आपल्याकडे जखम दिसली की आजी हळदीचा डबा घेऊन धावते, तिला प्रेमानं थांबवा. मग दात शेजारच्या दातांच्या ओळीत, पुढची बाजू पुढे करून, खाचेत हळूच दाबा आणि पोराला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. खरं तर हेच सगळ्यात चांगलं, पण पालकांचे हात थरथरतात, मला कल्पना आहे. नाही जमलं तर दात गार दुधात टाका. साध्या पाण्यात ठेवू नका, त्या पेशी पाणी शोषून फुटतात. कोरडा राहिला तर तासाभरात त्यांच्यात जीव राहत नाही.

माझ्याकडे एकदा एकजण पोराचा दात कागदात गुंडाळून, खिशात घालून घेऊन आले होते. अगदी काळजीपूर्वक गुंडाळला होता, त्यावर रक्त वाळलं होतं. तो दात मी बसवला, पण पुढे हाडानं त्याचं मूळ खाऊन टाकलं. आणि एकदा तासगावकडून एक बाप मोटरसायकलवर आला, मागे पोरगं, पोराच्या मांडीवर झाकणाचा स्टीलचा डबा. झाकण काढलं तर दुधात दात. रस्त्यावरच्या चहावाल्यानं त्यांना थंड दूध दिलं होतं. तारेनं शेजारच्या दातांना बांधला, दोन आठवड्यांनी तार काढली, मग रूट कॅनाल केलं. तो दात अजून आहे. भिलवडीच्या दुधाचा जिल्हा आपला, आणि साताऱ्यातही दूध नाही असं घर सापडायचं नाही.

कराडला दंत महाविद्यालय आहे, पण साताऱ्याहून तासभर जातो. तुम्ही साताऱ्यातलाच जवळचा दंतवैद्य गाठा, तोही पोचल्याच दिवशी हेरून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलतात का विचारा. दाताचा नुसता तुकडा पडला असेल तरी तो दुधात घालून न्या, पुष्कळदा चिकटवता येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही लिहून घ्या.

प्रेषक: सचिव
सोमवार, सकाळी ९.००

इथल्यांसाठी एक जोड देते. रात्री-अपरात्री दातासाठी १११ ला फोन करा, ते तातडीच्या दंतवैद्याची वेळ मिळवून देतात. अपघात विभागात दात भरून किंवा काढून मिळत नाही. पण तोंडात, मानेवर किंवा डोळ्याभोवती सूज येऊन श्वास घ्यायला, गिळायला, बोलायला त्रास होत असेल तर ९९९ किंवा थेट अपघात विभाग.

प्रेषक: मोहन
सोमवार, सकाळी ९.४०

ताई, दादांची (माझे वडील, मिरज, वय ७८) बुधवारी दाढ काढायची आहे. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी आजपासून त्या बंद करायचं ठरवलंय.

प्रेषक: सुनंदा
सोमवार, सकाळी ९.५२

मोहनराव, त्यांना आत्ता फोन करा आणि आजची गोळी घ्यायला लावा. स्टेंट असताना गोळी मनानं थांबवली तर तो बंद पडू शकतो. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, टाके घालता येतात. ते धोके सारखे नाहीत. काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर आणि दंतवैद्य आपापसात बोलून ठरवतील. बुधवारच्या डॉक्टरांना आजच गोळ्यांची नावं कळवा.

दाढ काढल्यावर कापसाचा किंवा गॉजचा बोळा वीस ते तीस मिनिटं घट्ट चावून धरायचा, मधे मधे काढून बघायचं नाही. त्या दिवशी चूळ भरणं, थुंकणं, गरम चहा, स्ट्रॉनं पिणं, तंबाखू, सगळं बंद. थुंकी दिवसभर लालसर येईल, त्याला घाबरू नका. तोंड रक्तानं भरायला लागलं तर पुन्हा नवा बोळा तेवढाच वेळ दाबून धरा, तरीही थांबलं नाही तर रुग्णालय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत वाढलं, तोंडाला वास यायला लागला, तर खाचेतली रक्ताची गुठळी निघून गेलीय असं समजा आणि परत दाखवा, गोळ्यांवर ओढू नका.

बुधवारी रात्री मला फोन करा, कितीही वाजले तरी.