एआयमुळे पुण्यात आधी कोण हलणार, छपाईवाल्यांचा अप्पा बळवंत चौक की आयटीवाल्यांची हिंजवडी?

नारायणपेठी: २०११मध्ये अमेरिकी टेक-गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी लेख लिहिला की सॉफ्टवेअर जग गिळत सुटलंय. तेव्हा हिंजवडी खूश, कारण गिळणाऱ्यांच्या पंगतीत आपणच. आता एआय कोड लिहितंय. आयटीचं बरंचसं बिल माणसं गुणिले तास असं निघतं. दहा जणांचं काम सहांत उरकलं तर क्लायंट दहांचे पैसे कशाला देईल? माझ्या मते अप्पा बळवंत चौकातला डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवून देणारा, तगेल, आधी हिंजवडी हलेल.

खिळेजुळारी: डीटीपीवाल्याचं कौतुक लांबूनच बरं. त्याच डीटीपीने छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर घरी बसवले, तेव्हा कुणाला हळहळ नव्हती. आता गिऱ्हाईक मोबाइलवर पत्रिका बनवून आणतं. म्हणे, "फक्त छापून द्या."

नारायणपेठी: ती पत्रिका वाचता का कधी? परवा एक आली, वराच्या नावामागे 'चि. सौ. कां.'! 'कार्यालय'मधला रफार भलत्याच अक्षरावर. शेवटी डीटीपीवाल्यानेच निस्तरलं.

खिळेजुळारी: 'आर्शीवाद' तर माणसंच वर्षानुवर्षं छापताहेत, त्याला एआय कशाला! आणि निस्तरायचे पैसे मिळाले का, तेवढं सांगा.

कोथरूडकर: बँकांत संगणक नकोत म्हणून ऐंशीच्या दशकात युनियन लढल्या होत्या. बुडाल्या का बँका? उगाच घबराट.

फेज३वाली: मी टेस्टिंगमध्ये आहे. सगळीच कामं तासांवर नसतात, ठरलेल्या रकमेचीही असतात. शिवाय कोड स्वस्त झाला की ज्यांना तो परवडत नव्हता तेही करून घेतात. भोसरीत आमच्या ओळखीचा गाड्यांचे पार्ट बनवणारा कारखाना आहे. ड्रॉइंग आलं की मालक रात्री वहीत मटेरियल, मशिनचा वेळ, जॉबवर्क मांडून कोटेशन काढायचे. आता प्रोग्रॅम काढतो. मला काळजी फ्रेशर्सची वाटते. टेस्ट केस लिहिणं, बारीकसारीक बग काढणं यावरच आम्ही शिकलो. तेच एआयकडे गेलं तर उद्याचे सीनियर कुठून आणणार?

नारायणपेठी: फ्रेशर्सचं पटलं. पण भोसरीचा प्रोग्रॅम केला कुणी? मालकाच्या मुलानेच ना, एआयकडून? मग हिंजवडीला काय मिळालं?

फेज३वाली: हो, मुलानेच. सप्टेंबर २०२५मध्ये पार्टवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, तरी प्रोग्रॅम २८च लावत होता. मुलाला दर कुठे लिहिलाय तेच सापडेना, म्हणून मला फोन. पैसे घेतले मी. तासावर नाही, कामाचे.