मिनर्व्हाच्या खाली थांबा

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अमेरिकन चित्रकार एलिहू व्हेडरची मिनर्व्हाची, म्हणजे रोमन ज्ञानदेवतेची, मोझॅइक (रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) पाहून लोक थक्क होतात, हे खरंच आहे. पण मुख्य वाचनालयाच्या दाराशी त्याचीच पाच अर्धवर्तुळाकार चित्रं आहेत, ती चुकवू नका. इमारत 1897 मध्ये उघडली, त्याच सुमाराची. त्यातलं ‘भ्रष्ट कायदेनिर्मिती’ हे चित्र मला सगळ्यात बोचतं. धनवान माणूस न्यायाच्या तराजूत सोन्याची थैली ठेवतोय, त्याच्या मागे कारखान्यांचा धूर. दुसऱ्या बाजूला श्रमाचं रूप असलेली गरीब मुलगी, हातात सूत कातायची रिकामी चाती. या मुलीसमोर मी बराच वेळ उभी होते. तिथल्याच ‘सुशासन’ या चित्रात धान्य पाखडणारी मुलगी आहे, दोन्ही लागोपाठ पाहा.