माल माळ्यावर चढवला, पण विम्याचं काय?

"माल माळ्यावर टाकला आणि विमा असला की दुकानदाराने निर्धास्त राहावं" हे पुराबद्दल नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी असं चढलं की कित्येकांचे माळेही बुडाले.

आणि विमा? तो बहुतेकदा बँकेने कर्जापुरता उतरवलेला असतो. समजा दुकानात माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ८ लाखांचं. हातात साधारण ४ लाखच पडतात, कारण विमा निम्म्याच मालाचा होता, म्हणून भरपाईही नुकसानीच्या निम्मीच. गणपती-दिवाळीचा माल भरण्याआधी रक्कम वाढवून घ्याच. पॉलिसीत पूर धरलाय का, तेही वाचा.

नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं मागतो, आणि ती नेमकी भिजलेल्या कॉम्प्युटरमध्ये असतात. रोज रात्री हिशेबाचा बॅकअप ऑनलाइन, गूगल ड्राइव्हवर टाका. मे अखेरीस मोबाइलने प्रत्येक रॅकचा व्हिडिओ काढून घरच्यांना पाठवून ठेवा. चिखल काढायची घाई समजते हो, पण फोटो काढून विमा कंपनीला कळवल्याशिवाय भिजलेला माल कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकू नका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचा सर्व्हे वेगळा.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. माल हलवायला कितव्या फुटाला टेम्पो बोलवायचा हे आत्ताच ठरवा. हमालांशीही आधीच बोलून ठेवा, त्या दिवशी सगळ्या पेठेला तेच हवे असतात.