शब्दचर्चा : सिनेमाच्या पोस्टरला 'भित्तिपत्रक' म्हणावं का?

मृदुला
आमच्या वाचनालयात जुन्या हिंदी-मराठी सिनेमांच्या पोस्टरांचं छोटं प्रदर्शन भरतंय. पोस्टरं एका संग्राहकाकडून मिळाली आणि शेजारी लावायचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. समितीतल्या ज्येष्ठांचा आग्रह आहे की सगळीकडे 'भित्तिपत्रक' लिहायचं, 'पोस्टर' एकदाही नको. मला ते तोंडी बसत नाहीये. त्यात निमंत्रणावर 'भित्तीपत्रक' छापून आलंय आणि दारावरच्या कापडी फलकावर 'भित्तिपत्रक'. यातलं बरोबर कुठलं? 'पोस्टर'च ठेवलं तर अनेकवचन काय करायचं, पोस्टर्स की पोस्टरं? आणि टॅगलाइनला ब्रीदवाक्य म्हटलं तर चालेल का?

ऱ्हस्वदीर्घ
भित्तिपत्रक. सुटा शब्द लिहिताना 'भित्ती' दीर्घ, समासात पहिलं पद म्हणून आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. शक्ती पण शक्तिपीठ, बुद्धी पण बुद्धिवादी, तसंच भित्तिचित्र, भित्तिपत्रक. निमंत्रण चुकलंय, फलक बरोबर आहे.

अनेकवचन 'पोस्टरं'. शब्द नपुंसकलिंगी आहे, अकारान्तासारखा चालतो. टेबल-टेबलं, तिकीट-तिकिटं, पोस्टर-पोस्टरं. ग्रांथिक लिहायचं तर 'पोस्टरे', पण ते वाचताना अडखळायला होतं. 'पोस्टर्स' लिहिलं की पुढे 'पोस्टर्सचं', 'पोस्टर्समध्ये' अशी फरफट होते. 'पोस्टरांचं', 'पोस्टरांत' सरळ.

पहिला खेळ
मृदुलाताई, शुद्धलेखन सुटलं, आता मुद्द्याचं बोलू. 'भित्तिपत्रक' शब्द चांगला आहे, पण ती जागा भरलेली आहे. कुठल्याही कॉलेजच्या मराठी विभागात विचारा. तिथे भित्तिपत्रक म्हणजे कार्डशीटवर डकवलेल्या विद्यार्थ्यांच्या कविता, भोवती स्केचपेनची वेलबुट्टी आणि 27 फेब्रुवारीला प्राचार्यांच्या हस्ते प्रकाशन. 'भित्तिपत्रकांचं प्रदर्शन' वाचून निम्मी मंडळी तेच समजून येतील आणि उरलेली त्याच कारणाने येणार नाहीत.

दुसरी अडचण 'पत्रक'ची. पत्रक वाचायचं असतं. वेळापत्रक, दरपत्रक, माहितीपत्रक, प्रसिद्धिपत्रक, सगळी काही ना काही कळवणारी. सिनेमाचं पोस्टर कळवतं ते तळाच्या दोन बारीक ओळींत, आणि त्या धावत्या बसमधून कुणाला दिसतात? त्याचं खरं काम भुरळ घालण्याचं. 'मदर इंडिया'चं (1957) नांगर खांद्यावर घेतलेल्या नर्गिसचं पोस्टर डोळ्यांसमोर आणा. सावकार, पूर, दोन मुलगे, बंदूक, यातलं काही त्यात सांगितलेलं नाही. तरी ती मान आणि तो खांदा बघून तिकीट काढावंसं वाटतं. याला पत्रक म्हणणं माझ्या तरी जिवावर येतं.

बाकीचे शब्द आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त एकमेकांच्या जागी वापरू नका. 'फलक' म्हटलं की कडक, उभं केलेलं काहीतरी. 'होर्डिंग' मूळचं इंग्रजीत बांधकामाभोवतीचं लाकडी कुंपण. त्यावर जाहिराती चिकटवता चिकटवता कुंपणाचं नाव जाहिरातीच्या सांगाड्याला मिळालं. 'बॅनर' म्हणजे चौकटीवर ताणलेल्या कापडावर रंगवलेलं चित्र, थिएटरच्या दर्शनी भागावर चढायचं ते. पण सिनेमावाले 'मोठ्या बॅनरचा सिनेमा' म्हणतात तेव्हा त्यांना निर्मितिसंस्था म्हणायची असते, हे मजकूर लिहिताना ध्यानात ठेवा. गंमत अशी की 'पट' म्हणजे कापड, म्हणजे 'चित्रपट' हा शब्द अक्षरशः घेतला तर सिनेमापेक्षा या बॅनरलाच जास्त शोभतो!

आणि 'फ्लेक्स' चुकूनही लिहू नका. फ्लेक्स वेगळी वस्तू, वेगळी संस्कृती. त्यावर वाढदिवस असतात, गॉगल असतात, शुभेच्छुकांची रांग असते. हातांनी रंगवलेली बॅनरं याच फ्लेक्सने संपवली, तेव्हा तुमच्या प्रदर्शनात त्याचं नाव यावं तर खलनायक म्हणूनच.

नीलांबरी
'पोश्टर' राहिलं की! 2014 साली 'पोश्टर बॉईज' आला तेव्हा मला वाटलं, नाव मुद्दाम विनोदी केलंय. पण आमच्या गावाकडे सगळे असंच म्हणतात.

ऱ्हस्वदीर्घ
विनोदासाठी वापरलं असलं तरी उच्चार अस्सल आहे. 'ट' म्हणताना जीभ मागे वळते, ती आधीच्या 'स'लाही मागे ओढते. पोस्टाचं 'पोष्ट' त्यामुळेच झालं, इस्टेटीची 'इष्टेट' त्यामुळेच. आपल्या भाषेला कष्ट, नष्ट, गोष्ट, उष्टं यांतली 'ष्ट' ही जोडी अंगवळणी पडलेली आहे. परका शब्द आला की ती त्याला त्याच साच्यात बसवते. लेखी मजकुरात मात्र 'पोस्टर'च लिहा.

रंकाळाकर
कोल्हापुरात बसून ही चर्चा नुसती वाचत राहणं जमंना, म्हणून लिहितोय.

तुमच्या समितीला एक विचारा. आपल्याकडं सिनेमाची पोस्टरं रंगवण्याची सुरुवात ज्यांच्या नावानं सांगतात, त्यांचं नाव काय? बाबूराव पेंटर. घरचं आडनाव मेस्त्री. आते-मामेभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे. ते काम असं गाजलं की लोकांनी 'पेंटर' हेच आडनाव करून टाकलं. पुढं त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली 'सैरंध्री' आला. 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज हाती असलेल्या सगळ्यांत जुन्या भारतीय चित्र-पोस्टरांत गणतात. त्या माणसाला 'चित्रकार' म्हणा, 'रंगारी' म्हणा असं कुणी सुचवलं नाही. इथं 'पेंटर' ही पदवी आहे. अमुक पेंटरांच्या घरातला म्हटलं की माणूस मान हलवतो.

दामले, फत्तेलाल, शांताराम त्याच कंपनीत तयार झाले आणि 1929 ला इथंच 'प्रभात' उभी केली. जी. कांबळेही कोल्हापूरचे. 'मुगल-ए-आझम'ची बॅनरं रंगवणारे आणि शिवाजी महाराजांचं सरकारमान्य चित्र काढणारे कांबळे एकच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रदर्शनात लिहा हे जमलं तर.

आणखी एक शब्द देतो, तो कुठल्या परिभाषाकोशातला नाही. पोस्टर चिकटवायला लागते ती 'खळ'. पिठाची, शिजवलेली. बादली, कुंचा आणि खांद्यावर गुंडाळ्या. रात्री शेवटचा खेळ सुटला की पोस्टर लावणारा बाहेर पडायचा आणि शुक्रवारी सकाळी गाव बघायचं, कुठला सिनेमा लागलाय ते. 'डिंक' लिहू नका, डिंकानं भिंतीवर एवढा कागद चिकटत नाही.

पहिला खेळ
वा! 'खळ' मी विसरलोच होतो. त्याला जोडून: मोठं पोस्टर एका कागदाचं नसायचं. 30 बाय 40 इंचाचा एक कागद म्हणजे धंद्यातला 'वन शीट'. त्याहून मोठं हवं तर सिक्स शीट, ट्वेंटी फोर शीट, म्हणजे तुकडे भिंतीवर जुळवायचे. लावणारा घाईत असला की नायकाचा एक डोळा बोटभर खाली यायचा. आखणी शहाणपणाची असेल तर जोड केसांत किंवा आभाळात पडायचा. पोस्टर काढणारा हा हिशेब आधीच करायचा, असं जुन्या मोठ्या पोस्टरांचे जोड बघून मला वाटतं.

ऱ्हस्वदीर्घ
रंकाळाकर, पेंटरांचा मुद्दा देखणा आहे पण पटला नाही. त्या न्यायाने 'डायरेक्टर', 'एडिटिंग', 'स्क्रीनप्ले' हेच राहायला हवे होते. दिग्दर्शक, संकलन, पटकथा हे घडवलेलेच शब्द आहेत आणि आज कुणाला खटकत नाहीत. दहा वर्षं वापरला असता तर 'भित्तिपत्रक'ही रुळला असता.

पहिला खेळ
रुळला नाही याला कारण आहे. दिग्दर्शक, संकलक हे शब्द श्रेयनामावलीत पडद्यावर आले, परीक्षणांत आले, पुरस्कारांच्या यादीत आले. लिहिणाऱ्यांच्या हातात होते. पोस्टर लिहिणाऱ्यांच्या हातात कधी नव्हतंच. ते पेंटर, छापखाना, खळवाला आणि थिएटरचा मॅनेजर यांच्यात फिरत राहिलं. खाली कलाकाराची बारीक सही सोडली तर त्याच्यावर कुणी चार ओळी खरडल्या नाहीत. ज्यांनी ते केलं आणि लावलं त्यांचा शब्द 'पोस्टर' होता. तो बदलायचा तर त्यांनी बदलायला हवा होता.

मृदुलाताई, मजकुरात शब्दांपेक्षा या मंडळींना जागा द्या ही विनंती. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरायचे हे सगळे सांगतात, कारण पुढे ते हुसेन झाले. दिवाकर करकऱ्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? 'दीवार'चं (1975) पोस्टर त्यांचं. रंग कुंचल्याने सारखा न करता पॅलेट नाइफने थापायचा, फटकारे तसेच दिसू द्यायचे, ही त्यांची पद्धत. अमिताभच्या चेहऱ्यावरची धग निम्मी अभिनयाची आणि निम्मी त्या सुरीची, असं माझं ठाम मत आहे. त्याच वर्षीच्या 'शोले'चं पोस्टर मला त्या मानाने कमी आवडतं. दगडात कोरल्यासारखी अक्षरं जबरदस्त, पण बाकी सगळे नट दाटीवाटीने उभे. सिनेमा पोस्टरपेक्षा कितीतरी मोठा. 'दीवार'मध्ये दोन्ही तोडीस तोड.

उलटंही होतं. पोस्टर बघून जीव टाकावा आणि सिनेमात मध्यंतरालाच घड्याळ बघावं, अशी उदाहरणं ढीगभर, नावं घेत नाही. आताच्या पोस्टरांत तर नुसती मुंडकी. वर एक मोठं, खाली चार लहान, मागे निळा नाहीतर नारिंगी धूर. सगळ्या सिनेमांचं पोस्टर एकाच माणसाने एकाच दुपारी केलंय असं वाटतं. 'मुंडकी' हा शब्द तुमच्या प्रदर्शनात शोभणार नाही, पण यासाठी दुसरा सुचवून दाखवा.

सत्यजित राय याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. कोलकात्याच्या जाहिरातसंस्थेत चित्रकार होते, त्यामुळे आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः काढायचे, बंगाली अक्षरंही स्वतः घडवायचे. 'देवी' किंवा 'नायक'चं पोस्टर बघताना चित्र कुठे संपलं आणि अक्षर कुठे सुरू झालं ते कळत नाही.

नीलांबरी
अक्षरांवरून आठवलं, त्या कामाला काय म्हणायचं? सुलेखन?

ऱ्हस्वदीर्घ
सुलेखन म्हणजे वळणदार लिहिणं, बोरू किंवा टाकाने. पोस्टरवरचं नाव लिहिलेलं नसतं, रचलेलं असतं. 'अक्षररचना' किंवा 'अक्षरांकन' म्हणा. कमल शेडगे यांच्या नावामागे 'अक्षररचनाकार' लागायचं ते याच अर्थाने. त्यांचं काम सिनेमापेक्षा नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत जास्त दिसलं. मराठी नाटक भिंतीवर जगलं नाही, ते पेपरच्या पानावर जगलं. काळ्या शाईत, दोन कॉलमांत नाटकाचं नाव उठून दिसायला हवं, मग अक्षरालाच अभिनय करावा लागतो.

मृदुला
सगळ्यांचे आभार. समितीला कॉलेजच्या भित्तिपत्रकांचा मुद्दा पटला, पेंटरांचा जास्तच पटला. टॅगलाइनचं मात्र कुणी बोललं नाही.

पहिला खेळ
'ब्रीदवाक्य' नको. ब्रीद संस्थेचं असतं, ते पाळायचं असतं. एसटीचं 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीदवाक्य. 'एक गाव एक पाणवठा' हे घोषवाक्य, त्यामागे चळवळ होती. 'शोले'च्या पोस्टरवर 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड' छापलं होतं. ते कुणी पाळायचं नव्हतं, की त्यासाठी मोर्चा काढायचा नव्हता. ती बाजारातली आरोळी. मी 'पोस्टरवरची आरोळी' लिहिलं असतं, पण समितीला झेपणार नसेल तर 'पोस्टरवरची ओळ' लिहा, सगळ्यांना कळेल.

जाता जाता: बातम्यांत हल्ली 'पोस्टरचं अनावरण' वाचायला मिळतं. आवरण असेल तर अनावरण. पुतळ्यावरचा पडदा दूर करतात तसं मोबाइलवर टाकलेल्या चित्रावरून काय दूर केलं? 'पोस्टर प्रसिद्ध झालं' पुरेसं आहे. 'झळकलं' तर फारच छान, मराठी सिनेमाच्या बातम्यांचा तो जुना लाडका शब्द आहे.

मृदुला
शेवटचं एक. दोन पोस्टरांच्या मागे संग्राहकाने 'लिथो' लिहिलंय. तसंच ठेवू?

रंकाळाकर
'शिळाप्रेसवर छापलेलं' लिहा. शिळाप्रेसच्या पोथ्या जुन्या घरांतून अजून निघतात, लोकांना चटकन कळेल. आणि प्रदर्शन कधी आहे ते कळवा, एसटीनं येतो.