लाइव्ह मायग्रेशनला वेगळं नेटवर्क: गरज की हौस?

रात्रपाळी:
तीन नोडचं प्रॉक्समॉक्स क्लस्टर, म्हणजे व्हीएम (आभासी यंत्रं) चालवणारे एकत्र जोडलेले तीन सर्व्हर. व्हीएमची रहदारी, कोरोसिंक (नोडना एकमेकांची खबर देणारी सेवा), लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या नोडवर हलवणं), सगळं एकाच १ गिगाबिटच्या केबलवर. देखभालीसाठी एक नोड रिकामा करायला घेतला आणि ६४ जीबी रॅमचा डेटाबेस हलवायला लावला. १ गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम ११५ एमबी जातात, म्हणजे पहिली फेरीच साडेनऊ मिनिटांची. तेवढा वेळ मिळालाच नाही. कोरोसिंकचे निरोप अडकले, नोडचा कोरम (क्लस्टरमधलं बहुमत) गेला. एचए (नोड पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) चालू असल्यामुळे मिनिटभरात वॉचडॉगने, म्हणजे तिच्या पहारेकऱ्याने, नोड रीस्टार्ट केला. ज्या व्हीएमला धक्का लागू नये म्हणून एवढा खटाटोप, तीच आडवी!
माझं मत: मायग्रेशनला नेटवर्क कार्ड, केबल, पोर्ट सगळं वेगळंच हवं.

एकच_केबल:
चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. वेगळं काढायचं ते कोरोसिंक. त्याला बँडविड्थ चिमूटभर लागते, पण निरोप वेळेवर पोचावा लागतो. ५ मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की कुरकुर सुरू. त्याला एखादं जुनं १ गिगाबिटचं कार्ड द्या. मायग्रेशन महिन्यातून एकदा होणार, त्यासाठी महागडं पोर्ट अडवून कशाला ठेवायचं? सामायिक २५ गिगाबिट घ्या, मायग्रेशनवर वेगमर्यादा घाला, विषय संपला.

रात्रपाळी:
कोरोसिंकचं मान्य, ती चूक माझीच. पण वेगमर्यादेने विषय संपत नाही. व्हीएम चालू असतानाच रॅम कॉपी होते. त्या वेळात जी पानं (रॅमचे छोटे तुकडे) बदलली ती पुढच्या फेरीत पुन्हा पाठवायची, आणि उरलेला ढीग पुरेसा लहान झाला की क्षणभर व्हीएम थांबवून शेवटचा हप्ता द्यायचा. आता डेटाबेस सेकंदाला १५० एमबी पानं बदलतोय आणि तुम्ही मर्यादा घातलीत १०० ची. ढीग लहान होणार कसा? एकीकडून झाडा, मागून पाचोळा. मग एकतर थांबण्याची वेळ वाढवायची, नाहीतर क्यूईएमयूच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ऑटो-कन्व्हर्ज सोयीने व्हीएमच्या सीपीयूलाच लगाम घालायचा. याला 'लाइव्ह' म्हणायचं?

एकच_केबल:
मग मर्यादा १००० ची घाला की! २५ गिगाबिटमधले ८ गिगाबिट गेले, बाकी व्हीएमना मोकळे.

नवशिक्या२:
मी मायग्रेशनसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच केबलवर आभासी वेगळं नेटवर्क) केलंय. झालं ना वेगळं?

रात्रपाळी:
पत्ते वेगळे झाले, तार तीच राहिली. गर्दी झाली की दोघं एकाच दारात अडकणार.

पॅचपॅनेल:
व्हीलॅनला अगदीच मोडीत काढू नका. स्विचवर प्राधान्य लावायला आणि पाहुण्या व्हीएमना त्या वाटेपासून लांब ठेवायला ते हवंच.
मात्र 'वेगळं नेटवर्क आहे' म्हणून मायग्रेशन 'इनसिक्युअर'वर (कूटबद्ध न करता) टाकणारे भेटतात, तिथे माझं भांडण आहे. एसएसएच बोगद्याने (सगळं कूटबद्ध करून पाठवल्याने) वेग पडतो, खरं आहे. पण बोगदा काढला की अख्खी रॅम उघडी जाते, त्यात पासवर्ड आले, किल्ल्या आल्या. दोन नोडमध्ये थेट केबल असेल तर ठीक. सामायिक स्विचवर मी तरी करणार नाही.
आणि १० गिगाबिटच्या दोन केबल एलएसीपीने (केबल एकत्र जोडण्याच्या पद्धतीने) बांधून २० ची स्वप्नं बघू नका. मायग्रेशनची एक टीसीपी जोडणी एकाच केबलवरून जाते.

एकच_केबल:
बघा, कार्ड घेऊनसुद्धा कटकटी संपत नाहीतच.

पॅचपॅनेल:
संपत नाहीत. आमच्याकडे नवं कार्ड लावलं, दोन्ही नोडवर एमटीयू (एका पाकिटात मावणारे कमाल बाइट) ९०००, मधला स्विच मात्र १५०० वर. साधा पिंग (छोटं चाचणी पाकीट) झकास, मायग्रेशन सुरू झालं की ढिम्म. 'डोन्ट फ्रॅगमेंट' (पाकीट तोडू नका) लावून ८९७२ बाइटचा पिंग मारला तेव्हा कुठे उलगडलं. अर्धा दिवस गेला, कार्डाला उगाच शिव्या घातल्या.

रात्रपाळी:
उद्या कोरोसिंक जुन्या कार्डावर हलवतो. १० गिगाबिटच्या कार्डाची मागणी मात्र मागे घेत नाही. साडेनऊ मिनिटं श्वास रोखून तुम्ही बसा, एकच_केबलराव.