मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट उतरत नाही

नमस्कार मंडळी. वरुडजवळच्या गावात घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावली आहे, मासे अजून सोडले नाहीत. आरओचं पाणी, समुद्री मीठ, घनता १.०२५, कोरडे खडक, बाटलीतले जिवाणू (अमोनियाचं नायट्राइट अन् मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे). जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे थेंब टाकले की दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य. पण नायट्राइटच्या चाचणीत नळीतलं पाणी गडद जांभळंच राहते, म्हणजे नायट्राइट अजून भरपूर आहे. त्यात आमचा उन्हाळा! दुपारी टाकी ३२ अंशांवर जाते अन् लाइन गेली की पंप बंद. जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जोडला आहे. खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना फारसं बाधत नाही, तरी क्लाउनफिशची जोडी घाईने सोडायला मन धजत नाही. अमोनिया थांबवून वाट पाहू, की अर्धं पाणी बदलू? आणि पंख्याशिवाय टाकी गार कशी ठेवता? विदर्भातल्या कोणाला अनुभव असेल तर नक्की सांगा.