चालत्या सर्व्हरवरच अपग्रेड, की शेजारी नवा उभा करायचा?

कंदीलवाला:
सर्व्हरवरच्या लिनक्स प्रणालींपैकी सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, उबंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये. माझं मत ठाम आहे: प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष कामात असलेल्या सर्व्हरवर, मोठं व्हर्जन चालत्या मशीनवर बदलू नये. शेजारी नवा सर्व्हर उभारा, तपासा, मग ट्रॅफिक वळवा. (रोजचे सिक्युरिटी पॅच वेगळे. ते जागेवरच, आणि लगेच.) जुना तसाच ठेवला की बिघाड झाल्यास परत येता येतं.

रात्रपाळी:
पटत नाही. मी एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. मशीन एकच, सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच्या नेटवर्क कार्डाला बांधलेलं. दुसरं मशीन आणायचं कुठून? डेबियन या लिनक्सच्या ११ वरून १२ ला जाताना डिस्कची प्रत व्हर्च्युअल मशीनवर चढवून दोनदा रंगीत तालीम केली, मग रविवारी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेऊन जागेवरच अपग्रेड. एकेक व्हर्जन क्रमाने चढणं हा डेबियनचा अधिकृत मार्ग आहे. आणि परत येण्याचं म्हणाल, तर नव्या सर्व्हरवर दोन तास पावत्या फाडून जुन्याकडे वळलात की त्या पावत्या कुठे जाणार?

कंदीलवाला:
पावत्यांचा मुद्दा मान्य. म्हणूनच काउंटर उघडण्याआधी तपासणी पूर्ण हवी. पण अपग्रेड अर्धवट अडकून मशीन बूटच झालं नाही, तर सोमवारी सकाळी सभासदांना काय सांगणार?

पिंपळपान:
दोघांनीही डेटाबेसचं नाव काढलं नाही, आणि माझे हात तिथेच पोळलेत. ऑगस्ट २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी) अक्षरक्रम लावायचे नियम बदलले. डेबियन ९ ते १०, उबंटू १८.०४ ते २०.०४, सेंटओएस ७ ते ८, प्रत्येक वेळी ही रेघ ओलांडली जाते. अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) पूर्वी ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर यायचं, आता उलट. पोस्टग्रेस डेटाबेसचे मजकुरावरचे इंडेक्स (नोंदी पटकन शोधायच्या क्रमवार याद्या) मात्र जुन्याच क्रमाने रचलेले राहतात. एरर येत नाही. खातं टेबलात असतं, पण शोधलं की सापडत नाही. युनिक कॉलममध्ये, जिथे दुबार चालत नाही, तोच क्रमांक दुसऱ्यांदा बसतो. आमचं अपग्रेड शनिवारी झालं, कळलं मंगळवारी.

नवा सर्व्हर यातून आपोआप वाचवत नाही. डेटा फोल्डर उचलून नेला किंवा स्ट्रीमिंग रेप्लिका (डेटाबेसची जशीच्या तशी चालती प्रत) प्रमोट करून मुख्य केली, तर जुनेच इंडेक्स सोबत येतात. डंप काढून (सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून) भरा किंवा लॉजिकल रेप्लिकेशन करा (फाइल्सऐवजी नोंदी पाठवा), म्हणजे ते नव्याने बनतात. जागेवर अपग्रेड केलंत, तर रीइंडेक्स करावंच लागेल, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधावे लागतील.

रात्रपाळी:
११ ते १२ मध्ये ही रेघ नव्हती. पण आमचं मशीन ९ पासून असंच चढत आलंय, आणि १० ला नेताना पोस्टग्रेस डंपने नाही, जुने इंडेक्स तसेच ठेवणाऱ्या पीजी-अपग्रेडने नेलं होतं. तेव्हा रीइंडेक्स केल्याची नोंद वहीत सापडत नाही. आज रात्री इंडेक्स तपासणारं ॲमचेक चालवतो.

पिंपळपान:
चालवा. रीइंडेक्सआधी बॅकअप घ्या आणि दुबार खाते क्रमांक शोधा, इंडेक्स न वापरता पूर्ण टेबल वाचून. एकही दुबार राहिला तर युनिक इंडेक्स तिथेच अडतो, आणि त्यातली कोणती नोंद खरी हे संस्थेच्या लेखनिकालाच विचारावं लागेल.